चोपड्याच्या ‘महायुद्धातील जीप’विषयी खुलासा

चोपडा तालुक्यातील एका केळीच्या मळ्यात वरणगावच्या कारखान्यात १९४२ साली बनलेली विलीज जीप सापडली असून तिची किंमत कोटीच्या घरात आहे, असा मजकूर छायाचित्रासह जळगाव-धुळे परिसरात फिरत आहे. मालकांच्या परवानगीने ती जीप जवळून पाहिली. ती महायुद्धातील नाही.

१९४१ ते १९४५ या काळातील विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपांचे बॉनेट बुटके असते आणि, अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर, पुढच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात. फोर्डच्या गाडीत तर बोल्टच्या माथ्यावरही ‘एफ’ अक्षर कोरलेले आढळते. मळ्यातील जीपला सात फटी आहेत, हेडलाइट मोठे आहेत आणि बॉनेट चांगलेच उंच आहे. ही उंची विलीजच्याच सीजे-३बी या नंतरच्या मॉडेलची ठळक खूण होय. इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात इंधन-हवेचे मिश्रण आत सोडणारी झडप, वर घेतल्यामुळे उंच झालेले इंजिन सामावण्यासाठी बॉनेट वाढवावे लागले, आणि ते मॉडेल १९५३ मध्ये आले. महिंद्राने पुढे ते भारतात दीर्घकाळ बनवले. हिरव्या रंगावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण तो रंग कोणीही मारू शकतो.

वरणगावची आयुध निर्माणी स्वातंत्र्यानंतरची असून तेथे काडतुसे बनतात, वाहने नव्हेत.

किमतीच्या आकड्याला कोणताही आधार नाही. मात्र त्यापायी अनोळखी माणसे मळ्यात शिरत आहेत आणि मालकांना त्याचा त्रास होत आहे. तेव्हा तो मजकूर पुढे पाठवू नये, आणि ज्या गटांत पाठवला असेल तेथून कृपया काढून टाकावा.