तलाव हिरवा होण्यात घरांचा हात नाही म्हणे!

‘तलाव हिरवा होतो तो शेतातल्या खतांमुळे, घरांचा वाटा नगण्य. साबणात आता फॉस्फेट नसतंच. असलं तरी सांडपाणी प्रकल्प ते काढून टाकतो. आणि एकदा बिघडलेला तलाव काही सुधारत नाही, मग घरच्यांच्या मागे कशाला लागता?’ अशा अर्थाचा मजकूर सारखा फिरतो आहे. त्यात थोडं खरं आहे आणि त्या आडून बरंच चुकीचं खपवलं जातंय. मला याची चीड येते, कारण हे वाचून लोक हातातलं, सहज जमणारं कामही सोडून देतात.

आधी ‘शेतीच दोषी’. काही तलावांच्या बाबतीत हे खरं आहे. उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवराच्या पश्चिम भागात आज मोठा वाटा शेतांचाच आहे. पण प्रत्येक तलावाचं पाणलोट वेगळं. काठावर शेतं नसून वस्ती असेल, तर फॉस्फरस (शेवाळाचं खाद्य; फॉस्फेट हे त्याचंच संयुग) शेतातून येणार कुठून?

‘नगण्य’ म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण १ ते १.५ ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो, त्यातला बराचसा लघवीतून. आणि तलावाच्या पाण्यात लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम फॉस्फरस झाला, तरी शेवाळाची चंगळ होते. म्हणजे एकच ग्रॅम सुमारे ३३ हजार लिटर पाण्याला त्या पातळीवर नेऊ शकतो. आता वस्तीतली डोकी मोजा.

फॉस्फरसवरच एवढा भर का, अशीही शंका घेतली जाते. याचं उत्तर कॅनडातल्या ‘लेक २२६’ या छोट्या तलावाने १९७३ साली दिलं. शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या चिंचोळ्या भागात पडदा लावून दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन घातला. फॉस्फरस मात्र एकाच भागात. विमानातून काढलेल्या फोटोत पडद्याच्या एका बाजूला गडद पाणी, फॉस्फरस घातलेल्या बाजूला हिरवागार थर, आणि मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. बहुतेक गोड्या पाण्याच्या तलावांत शेवाळाला अडवून धरणारा घटक हाच असतो.

‘साबणात फॉस्फेट नसतंच’ हे सरसकट खरं नाही. युरोपीय संघाने घरगुती कपडे धुण्याच्या डिटर्जंटवर २०१३ मध्ये आणि भांडी धुण्याच्या यंत्राच्या डिटर्जंटवर २०१७ मध्ये मर्यादा घातली. सगळीकडे असे नियम नाहीत. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ‘सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट’ दिसलं, तर ते ठेवून दुसरं घ्या. पावडर मोजूनच टाका.

सांडपाणी प्रकल्पाचा मुद्दा सगळ्यात फसवा आहे. साधा प्रकल्प मैल्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवून पाणी स्वच्छ दिसेल असं करतो, पण विरघळलेला फॉस्फरस बराचसा तसाच पुढे जातो. तो काढायला लोहाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार घालावे लागतात, नाहीतर खास जिवाणूंची प्रक्रिया लागते. आपल्या प्रकल्पात ती सोय आहे का, हे विचारायलाच हवं. सेप्टिक टँक असेल तर भिस्त मातीवर असते. मातीतलं लोह, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम फॉस्फरस धरून ठेवतात. पण रेताड जमीन, वर आलेलं भूजल आणि जवळच काठ असेल, तर ही क्षमता संपते. टाकी दर तीन ते पाच वर्षांनी उपसली नाही तर गाळ शोषखड्ड्यात शिरतो आणि तोच बुजतो.

आणि पावसाळी गटार? त्याला बहुतेक ठिकाणी प्रकल्पच नसतो. गटारात साचलेली पानं पावसात चहासारखी उतरतात आणि फॉस्फरस थेट तलावात जातो. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात पानगळीच्या काळात रस्त्यावरची पानं वेळेवर उचलली, तर वाहत्या पाण्यातला एकूण फॉस्फरस सुमारे ८४ टक्क्यांनी घटला. बागेत खत टाकण्याआधी मातीची तपासणी करा. फॉस्फरस पुरेसा असेल तर आणखी घालू नका.

राहिला ‘तलाव सुधारत नाही’ हा मुद्दा. सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये सोडलं जाणारं सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात दुसरीकडे वळवलं. त्यापूर्वी जेमतेम एक मीटर खोलवर दिसायचं. काही वर्षांतच ते तिप्पट झालं. सगळे तलाव इतके चटकन सावरत नाहीत, हे मान्य. उथळ तलावाच्या तळाच्या गाळात वर्षानुवर्षांचा फॉस्फरस साठलेला असतो आणि तळाशी ऑक्सिजन संपला की तो पुन्हा पाण्यात येतो. तो दाबून ठेवायला तुरटी टाकतात खरी, पण वरून घरांचा फॉस्फरस येतच राहिला तर काही वर्षांत पुन्हा तुरटी टाकायची वेळ येते.