‘परदेशात रस्त्यावर कुत्रा दिसत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

इंदूरला अन्नपूर्णा रोडजवळच्या ज्या सोसायटीत माझा दादा राहतो, तिथे गेले काही महिने एकच विषय पेटलेला आहे. पाळीव कुत्र्यांना लिफ्टमध्ये आणि बागेत येऊ द्यायचे की नाही, आणि फाटकाबाहेरच्या कुत्र्यांना पोळी घालणाऱ्यांना दंड करायचा की नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली आणि आसपासच्या परिसरातील सगळी भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला होता. २२ ऑगस्टला न्यायालयानेच तो बदलला आणि नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री, ती पिसाळलेली वा आक्रमक नसतील तर, जिथून उचलली तिथेच परत सोडावीत असे सांगितले. पण सोसायटीतल्या मंडळींच्या लक्षात पहिलाच आदेश राहिला आहे. दादा त्या चर्चेतले निरोप मला पाठवत असतो आणि त्यांत एक वाक्य फिरून फिरून येते: ‘परदेशात बघा, रस्त्यावर एक कुत्रा दिसत नाही, मुले कशी निर्धास्त खेळतात.’

हे वाक्य वाचले की माझे डोके उठते. मी बरीच वर्षे ॲरिझोनात राहते, आणि नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघे, दोन मुले आणि दोन कुत्री असे सगळे एका कॅम्परमधून, म्हणजे आतच राहण्याझोपण्याची सोय असलेल्या गाडीतून, वाळवंट फिरून आलो आहोत. फिनिक्सहून आय-१० महामार्गाने पश्चिमेला निघालो, क्वार्ट्झसाइट गावाजवळ बीएलएमच्या, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, जमिनीवर मुक्काम केला, मग कॅलिफोर्नियातली संरक्षित वाळवंटे: जोशुआ ट्री, मोहावी प्रिझर्व्ह आणि शेवटी डेथ व्हॅली. मुले वरच्या फळीवर झोपत, भुरी आणि बंड्या टेबलाखाली, आणि रात्री पारा गोठणबिंदूपर्यंत उतरला की दोन्ही कुत्री मुलांच्या पांघरुणात शिरत. ‘मुले की कुत्री’ असा प्रश्न सोसायटीत ज्या आवेशाने विचारला जातो, तो त्या वीसेक फुटांच्या जागेत आमच्यापैकी कुणाला पडला नाही. पण तो का पडला नाही, हे सांगितल्याशिवाय परदेशाचे नाव घेणे अप्रामाणिकपणाचे आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आमच्या दोन्ही कुत्र्यांची नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली आहे, काउंटीचा परवाना दरवर्षी पैसे भरून घेतलेला आहे आणि कातडीखाली ओळखीची चिप आहे. जोशुआ ट्रीमध्ये कुत्र्याची दोरी सहा फुटांहून लांब चालत नाही. रस्ता, सहलीची जागा किंवा तळ यांपासून शंभर फुटांपलीकडे कुत्रा नेता येत नाही आणि पायवाटांवर तर नाहीच नाही. त्याला तळावर बांधून आपण फिरायला जावे, असेही करता येत नाही. म्हणून नवरा मुलांना घेऊन खडकांत गेला तेव्हा मी कुत्र्यांजवळ बसले, आणि तो परतल्यावर मी गेले. कुत्र्यांना मज्जाव असलेल्या प्रत्येक ठिकाणी आमची अशीच पाळी लागत असे. यामागचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. कुत्र्याच्या नुसत्या वासाने तिथले वन्यप्राणी पाण्याची जागा सोडतात, आणि मोहावीतले वाळवंटी कासव तर १९९० पासून संरक्षित यादीत आहे. माणसांनी टाकलेल्या उष्ट्याखरकट्यावर डोमकावळे पोसले जातात आणि तेच कासवाची कोवळी पिल्ले फोडून खातात. आम्ही उतरलो त्या बीएलएमच्या माळावर कचऱ्याचा एकही डबा नव्हता आणि कुत्र्याच्या विष्ठेच्या पिशवीसकट आपला सगळा कचरा आपणच गावापर्यंत परत न्यायचा असतो. हे सगळे माणसावर घातलेले बंधन आहे. कुत्र्याला कुठेही मज्जाव आहे तो त्याच्या माणसाच्या मार्फत, आणि चुकले तर दंड माणसाला.

सोसायटीच्या निरोपांत यातले काहीच नसते. त्यांना परदेशातला मोकळा रस्ता हवा आहे, पण त्या रस्त्यामागचा परवाना, लस, दोरी आणि पिशवी नको आहे. बागेत सकाळी कुत्र्याची घाण उचलायची म्हटले की पाळणारे नाराज, आणि लस टोचून घेण्यासाठी वर्गणी काढू म्हटले की न पाळणारे नाराज. बंदी मात्र फुकट असते.

आणखी एक गोष्ट इथले रस्ते पाहून गेलेले पाहुणे कधी सांगत नाहीत, कारण ती त्यांना दिसतच नाही. भुरी आणि बंड्या दोघेही निवारागृहातून आणलेले आहेत. ज्यांना कुणी नेत नाही, अशा लाखो कुत्र्यामांजरांना अमेरिकेतील निवारागृहांत दरवर्षी इंजेक्शन देऊन मारले जाते. इथल्या रिकाम्या रस्त्याची ही बाजू आहे, आणि ज्यांच्या देवघरात दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी उभी आहेत त्यांनी ती पुरती जाणून घेऊन मग ‘परदेशासारखे करा’ असे म्हणावे.

मुलाला कुत्रा चावला की आईच्या पोटात जो गोळा येतो तो मला ठाऊक आहे, आणि त्या भीतीला मी कमी लेखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात रेबीजने वर्षाला १८ ते २० हजार माणसे मरतात आणि त्यांत मुले फार असतात. अमेरिकेतून कुत्र्यांमधला रेबीजचा प्रकार संपल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. त्यामागे अनेक दशकांचे लसीकरण आणि परवान्यांची सक्ती होती, लिफ्टच्या दारावर चिकटवलेली सूचना नव्हती. आणि ‘आपल्या लोकांना नियम पाळता येत नाहीत’ हे तर मला इंदूरच्या माणसाकडून ऐकूनच घ्यायचे नाही. २०१७ पासून २०२३ पर्यंत हे शहर स्वच्छ सर्वेक्षणात दर वर्षी पहिले आले, आणि ते ओला-सुका कचरा घराघरांत वेगळा होऊ लागल्यामुळे. माझी काकू सत्तरीनंतर ते शिकली. ज्या शहराने दारोदार गाडी पाठवून हे करून दाखवले, त्याला वॉर्डावॉर्डातल्या कुत्र्यांची नोंद आणि लस झेपणार नाही, असे म्हणणे हा इंदूरचा अपमान आहे.

कुत्र्यांमुळे मुले बिघडतात, घाण होतात, आजारी पडतात, असेही एका निरोपात होते. क्वार्ट्झसाइटला दुसऱ्या दिवशी भुरीच्या पंजात चोया निवडुंगाचा अख्खा गोळा रुतला. त्याला हाताने धरायचे नसते, कारण त्याच्या काट्यांना मागे वळलेले बारीक दात असतात आणि तो पंजातून सुटून बोटांत बसतो. जाड दातांची फणी गोळा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवायची आणि एका झटक्यात तो लांब उडवायचा. मागे राहिलेले काटे मग पकडीने एकेक ओढायचे. मुलाने भुरीचे डोके मांडीवर घट्ट धरून ठेवले, मुलीने विजेरी धरली, आणि काटा निघाला की प्रत्येक वेळी ती तो काचेच्या बरणीत टाकत होती, म्हणजे पुन्हा कुणाच्या पायात जाऊ नये. दोघांपैकी कुणी रडले नाही. भुरी थरथरत होती, पण तिने तोंड वळवले नाही. पुढे मोहावीतल्या केल्सोच्या वाळूच्या टेकड्यांवर, जिथे दोरी बांधून कुत्री नेता येतात, चौघे मिळून माथ्यापर्यंत चढले. कोरडी वाळू घसरू लागली की त्या टेकड्या आतून घुमतात. तो आवाज मुलांना ऐकू येण्याआधीच बंड्याचे कान उभे राहिले होते, आणि मुलाने ते पाहून बहिणीला गप्प केले.

आता जे लिहिते आहे ते माझ्या युक्तिवादात बसत नाही, पण ते टाळून पुढे जाणे बरे नाही. इथे माणसे आमच्याशी बोलतात ती बहुतेक कुत्र्यांमुळे. क्वार्ट्झसाइटला शेजारच्या कॅम्परमधले वयस्क जोडपे रोज संध्याकाळी यायचे, भुरी-बंड्याची नावे त्यांना पाठ झाली होती आणि आमची त्यांनी शेवटपर्यंत विचारली नाहीत. आमच्या गल्लीत, फिनिक्समध्येही, मला घरोघरच्या कुत्र्यांची नावे येतात आणि माणसांची येत नाहीत. इंदूरला रामबागेत आमच्या वाड्यापुढे मोती नावाचा काळा कुत्रा असे. त्याला परवाना नव्हता, दोरी नव्हती, लस कधी टोचली असेल असे वाटत नाही. मी कॉलेजातून उशिरा आले की तो कोपऱ्यावरून दारापर्यंत यायचा आणि मी आत गेले की परत फिरायचा. वर मी जे नियम सांगितले ते लावले तर मोतीला त्या गल्लीत जागा नाही. मला मात्र तो तिथेच हवा असतो, आणि मी जाईन तेव्हा तसाच एखादा असावा असे वाटत राहते. माझ्या मुलांना कुणाचाच नसलेला आणि तरीही सगळ्या गल्लीचा असलेला कुत्रा माहीत नाही. हे त्यांचे नुकसान आहे असे मला वाटते. वर्षाआड काही आठवडे येणाऱ्या बाईने असे वाटून घेणे आणि पहाटे दूध आणायला एकट्याने जाणाऱ्या वहिनीने तिथल्या कुत्र्यांच्या टोळीला भिणे, यांत वहिनीची भीती आधी धरली पाहिजे, हेही मला कळते.

सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे. फ्लॅट दादाच्या आणि माझ्या नावावर आहे, पण हात वर करणार दादा, कारण तिथे तो राहतो. मी त्याला लिहून पाठवले आहे: बंदी नको, नोंदणी हवी, बागेत दोरी आणि पिशवीची सक्ती हवी, आणि फाटकाबाहेरच्या कुत्र्यांच्या नसबंदी-लसीसाठी महापालिकेला अर्ज करून खर्चाला माझी वर्गणी धरावी. त्याने उत्तर दिले की वर्गणी घेतो, मत कुणाला द्यायचे ते वहिनीशी बोलून ठरवतो.