आठशेची इसवण आणि आमची हरिश्चंद्राची नात

मालवणच्या मासळी बाजारात गणपती विसर्जनानंतर इसवणीचा, म्हणजे सुरमईचा, भाव विचारायची सोय नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, मग श्रावण, मग बाप्पा. एवढ्या उपासानंतर गिऱ्हाईक कुठे जात नाही, हे मासेवालीला पक्कं ठाऊक. तरी घासाघीस करायची ती करायचीच. ती आठशे म्हणाली. मी वरच्या खिशातली एकुलती नोट काढून जमेल तेवढ्या दीनवाण्या चेहऱ्याने म्हणालो, "मावशी, पाचशेच आहेत बघा."

"बाबा, मागच्या खिशात आहेत ना! पेट्रोल भरताना तूच ठेवलेस."

कन्येचं वय सहा. आवाज असा, की पलीकडच्या सुकटवालीनेही मान वळवली.

शेजारी एक छत्रीवाले आजोबा बांगड्यांचे कल्ले उघडून बघत होते. घेत काहीच नव्हते. त्यांना आता विषय मिळाला.

"चेडू खरा बोलता," ते मावशीला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "खयचे तुमी?"

"मुंबईला असतो."

"तरीच. मूळचे?"

"कट्ट्याचे."

"कट्ट्याचे? आणि असे?"

त्यांनी वडिलांचं नाव विचारलं. मी सांगितलं नाही. गेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढा! आजोबांनी छत्री बगलेत मारली आणि अख्ख्या बाजाराला विचारलं, "पोरा खोटा बोलूक शिकतत खय? घरात!"

"सातशेक देवचा मनात होता," मावशी म्हणाली, "पण आता आठशेच."

अहो, घासाघीस म्हणजे खोटं बोलणं नव्हे! तिलाही आठशे मिळतील असं वाटत नसतंच. दोघांनी मिळून रंगवायचा खेळ तो. दशावतार ऐन रंगात असताना पोराने उठून संकासुराचा मुखवटा ओढावा, तसं झालं हे.

आणि प्रामाणिकपणाचे धडे नेमके मलाच का? एलईडी दिव्यांच्या झोताने मासळी ओढून पकडायला २०१७ पासून बंदी आहे, तरी समुद्रात रात्री दिवे दिसतात म्हणून इथले मच्छीमार ओरडून थकले. त्या दिवेवाल्यांच्या मागच्या खिशात काय आहे ते सांगायला कुणाची पोरगी जात नाही. समुद्र त्यांनी खरवडायचा, आठशे मी मोजायचे.

मोजले.

"गुणाचा गो बाय माझा," म्हणत मावशीने कन्येच्या हातात दोन बांगडे ठेवले. चला, संध्याकाळच्या तिखल्याची सोय झाली, असं मी म्हणेपर्यंत एक बांगडा फळीखालच्या मांजरीपुढे गेला आणि दुसरा आजोबांपुढे. "आजोबा कधीचे नुसते बघतायत."

"अगं, ते आपल्याला दिलेत!"

"आपल्याला नाही, मला."

आजोबांनी बांगडा घेतला, सवयीने कल्ले उघडून बघितले. "वायच बारीक आसा," म्हणाले आणि माझ्याकडे पिशवी मागितली.