दाराशी लावलेला हिशेब

गेल्या महिन्यात नगरहून आत्तेभावाचा फोन आला. तिथल्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांची, वार्षिक सभा अर्ध्यातच मोडली होती. "ताई, मी फक्त इमारत फंडाचा हिशेब मागितला. तर म्हणाले, पाळकसाहेबांवर तुझा विश्वास नाही का?" पाळक म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. ते बोलणं त्याला फार लागलं होतं. आत्या गेली त्या आठवड्यात याच पाळकसाहेबांनी रोज संध्याकाळी घरी येऊन प्रार्थना केली होती. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

मी इंग्लंडात ज्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, चर्चमध्ये जाते, तिथे हा प्रश्नच उठत नाही. वार्षिक सभेच्या आधी किमान सात दिवस हिशेब चर्चच्या दाराशी लावायचा असा नियमच आहे. येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही वाचावा. वॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे सभासद, दरवर्षी निवडतात, आणि त्या निवडीत पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, राहणाऱ्या, सरकारी मतदारयादीत नाव असलेल्या कुणालाही मत असतं, मग तो चर्चला येवो न येवो. सलग सहा वर्षं झाली की वॉर्डनने दोन वर्षं बाजूला व्हायचं, सभेनेच वेगळं ठरवलं तर गोष्ट निराळी.

अर्पण, म्हणजे रविवारी लोकांनी दिलेले पैसे, मोजायची माझी पहिली पाळी मला अजून आठवते. मी नाण्यांचे ढीग लावायला घेतले, तेवढ्यात शेजारच्या आजींनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांब, दुसरं माणूस येऊ दे." मी मनातून दुखावले. नंतर कळलं, त्या स्वतःही कधी एकट्या मोजत नाहीत. नियम माझी अब्रू राखत होता.

येशूचा प्रेषित पौल, त्यानेही हेच केलं होतं. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेली देणगी नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू सोबत घेतला, आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून. बायबलमध्ये, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात ते आहे. पौलाला सोबत लागली, तर आपल्या पाळकांना का नको?

आणि आम्हा नगरकरांना हे परकं नाही. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आलं, 1831 मध्ये नगरला. ते काँग्रिगेशनल परंपरेचं. त्या परंपरेत आपला पाळक कोण हे सभासद ठरवतात. 1970 मध्ये नागपूरला सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि आम्हालाही पाळकांच्या वरचे बिशप आले. ते ऐक्य मला मोलाचं वाटतं. फक्त बिशपसाहेब आले म्हणून सभासदांनी आपली जबाबदारी खाली ठेवावी, असं कुठे ठरलं होतं?

इथलं सगळं चांगलं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याकडे दुसऱ्या वॉर्डनची जागा दोन वर्षं रिकामी आहे. सभेला एकोणीस माणसं होती. हक्क कागदावर शाबूत, पण बजावायला माणूस नाही. नगरला सुगीच्या सणाला मंडळीसाठी कोंबड्याचा लिलाव लागला की अख्खं आवार हटत नाही, आणि शंभराचा नारळ पाचशेला घेणारी बाई तो तिथल्या तिथे परत लिलावाला देते. एवढं मन लावून देणाऱ्या माणसांना हिशेब विचारायची लाज का वाटावी?

आत्तेभावाला मी म्हटलं, पुन्हा विचार, पण सोबत सांग की मोजायला मी बसतो, आणखी एक जण तुम्ही द्या. तो जरा वेळ गप्पच राहिला. मग म्हणाला, दर रविवारी बसावं लागेल ना, ताई?

हो, दर रविवारी.

शनिवारी तो पाळकसाहेबांच्या घरी जाणार आहे.