‘बोलून काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक मजकूर गटागटांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इस्रायल-पॅलेस्टाईनचं भांडण तीन हजार वर्षांचं आहे, वाटाघाटींनी तिथे आजवर एकही जीव वाचलेला नाही, पॅलेस्टिनींनी प्रत्येक प्रस्ताव धुडकावला, तेव्हा भारताने ‘चर्चेतून दोन राष्ट्रं’ (इस्रायलशेजारी स्वतंत्र पॅलेस्टाईन) हा जप सोडावा आणि एक बाजू धरावी. आमच्या नात्यातल्या गटातही तो आला. पाठवणारी माणसं मनाने चांगली आहेत, म्हणूनच नुसतं वाचून सोडून देववलं नाही.

तीन हजार वर्षांची गोष्ट आधी. १५१७ पासून चारशे वर्षं हा मुलूख तुर्कांच्या उस्मानी सत्तेखाली होता. ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती जेरुसलेममध्ये शेजारी राहत होते. बरोबरीच्या नात्याने नव्हे, पण आजचा संघर्ष तेव्हा नव्हता. युरोपातल्या ज्यूद्वेषाला कंटाळून आलेली माणसं, पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याला पाठिंबा देणारी १९१७ ची ब्रिटिशांची बाल्फोर घोषणा, ब्रिटिश राजवट आणि १९४८ मध्ये इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात बेघर झालेले सुमारे सात लाख पॅलेस्टिनी, यातून तो उभा राहिला. वाद जमिनीचा, हद्दीचा, पाण्याचा, निर्वासितांच्या परतीच्या हक्काचा आणि सुरक्षिततेचा आहे. असे वाद कठीण असतात, पण त्यात देणं-घेणं करता येतं.

‘एकही जीव वाचलेला नाही’ हे वाक्य मात्र मला फार लागलं. इजिप्त आणि इस्रायल १९४८, १९५६, १९६७ आणि १९७३ मध्ये लढले. पंचवीस वर्षांत चार युद्धं. १९७९ च्या करारानंतर त्यांच्यात एकही झालेलं नाही. आणि तो करार सहज झाला नव्हता. सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या मध्यस्थीने, तेरा दिवस बैठका चालल्या. शेवटच्या दिवशी जेरुसलेमविषयीच्या एका पत्रावरून सगळं फिसकटलं, इस्रायलचे पंतप्रधान बेगिन निघायच्या तयारीत होते. त्यांनी नातवंडांसाठी सह्या केलेले फोटो मागितले होते. कार्टर यांनी प्रत्येक फोटोवर एकेका नातवंडाचं नाव लिहिलं आणि ते स्वतः बेगिन यांच्या खोलीवर घेऊन गेले. एकेक नाव वाचताना बेगिन यांचे डोळे भरून आले. नंतर पत्राची भाषा बदलली आणि ते राजी झाले. सिनाईचा प्रदेश इजिप्तला परत गेला, तिथल्या इस्रायली वस्त्या उठवल्या गेल्या. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी त्याची किंमत १९८१ मध्ये प्राणांनी मोजली, तरी करार टिकला.

अगदी अलीकडचं बघा. ७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या हमास या सशस्त्र संघटनेने इस्रायलमधून २५१ जणांना ओलीस नेलं. लष्करी कारवाईतून जिवंत सुटले आठ. वाटाघाटींतून जिवंत परतले दीडशेहून अधिक, मुख्यतः कतार, इजिप्त आणि अमेरिकेच्या मध्यस्थीने. लष्करी दबावाचाही वाटा होता, असं कुणी म्हणेल. असेल, पण माणसं घरी आली ती सौदा ठरल्यावरच.

आता ‘प्रत्येक प्रस्ताव धुडकावला’. यात अर्धं खरं आहे. २००० साली कॅम्प डेव्हिडमध्ये पॅलेस्टिनी नेते अराफात यांनी नकार दिला आणि समोर स्वतःचा नीट प्रस्तावही ठेवला नाही. ती मोठी चूक होती असं मला वाटतं. पुढच्या आत्मघाती हल्ल्यांनी इस्रायलमधल्या शांततावाद्यांचं कंबरडं मोडलं, हेही खरंच. पण १९९३ मध्ये पीएलओने, म्हणजे अराफात यांच्या पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेने, इस्रायलला लेखी मान्यता दिली, ते मजकुरात नाही. अरब लीगने २००२ मध्ये बैरुतला संपूर्ण मान्यतेच्या बदल्यात १९६७ च्या हद्दीवर माघार मागितली आणि इस्रायलने ती स्वीकारली नाही, तेही नाही. १९९३ च्या त्या ओस्लो कराराचा घास दोन्हीकडच्या अतिरेक्यांनी घेतला: हेब्रॉनच्या मशिदीत गोल्डस्टीन या ज्यू अतिरेक्याने २९ जणांना गोळ्या घातल्या, हमासने बसगाड्या उडवल्या आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबीन यांना मारणारा ज्यू तरुणच होता. शिवाय चर्चा चालू असतानाच वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वस्त्या वाढत राहिल्या. ज्या जमिनीबद्दल बोलायचं, तीच रोज कमी होत होती.

राहिला भारत. आपण १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या बाजूने मत दिलेल्या १४२ देशांत आपण होतो. कोकणातून गेलेले बेने इस्रायली ज्यू इस्रायलमधल्या दिमोना, अश्दोद, लोदमध्ये राहतात. त्यांच्या घरांत अजून मराठी ऐकू येते आणि त्यांची नातवंडंही सक्तीच्या लष्करी सेवेत जातात. त्यांची काळजी वाटते म्हणून गाझातल्या तंबूंकडे पाठ फिरवायची, हा हिशोब मला कळत नाही. ती मुलं सुखरूप घरी यावीत यासाठीसुद्धा करारच लागणार आहे. तेल अवीवमध्ये आपला दूतावास आहे आणि वेस्ट बँकेतल्या रामल्लात आपलं प्रतिनिधी कार्यालय. दोन्ही घरांत ज्याचं जाणं-येणं आहे, त्याला हा मजकूर एक दार स्वतःहून लावून घ्यायला सांगतोय.