बाणगंगेत पाणी कोण सोडतं?

रविवारी भाच्याला घेऊन बाणगंगेवर, मुंबईच्या मलबार हिलच्या पायथ्याच्या तलावावर, गेले होते. वय वर्षं नऊ, राहायला ठाण्यात. पाणी म्हणजे टाकी, टँकर आणि 'उद्या पाणी येणार नाही' हा सोसायटीचा मेसेज, एवढंच त्याला ठाऊक. पायरीवर बसून बदकं बघता बघता म्हणाला, "आत्या, ह्यात पाणी कोण सोडतं? बीएमसी?"

म्हटलं, कोणीच नाही रे. आपलं आपण येतं.

पठ्ठ्याला पटेना. दोन गल्ल्या ओलांडल्या की समुद्र, खारा वारा तोंडावर येतोय, आणि इथे गोडं पाणी, तेही नळाशिवाय? मग त्याला गोष्ट सांगितली. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला इथे तहान लागली, लक्ष्मणाने जमिनीत बाण मारला आणि पाताळातून गंगा वर आली. पूजेला लिंग वेळेत मिळेना म्हणून रामाने वाळूचंच केलं, तो वालुकेश्वर, म्हणजे आपला वाळकेश्वर. भाचा म्हणाला, "म्हणजे बोअरवेलच की!" आता काय बोलणार!

तलाव बांधला ११२७ साली, शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी. पोर्तुगीजांच्या काळात जुनं देऊळ गेलं, ते १७१५ मध्ये रामा कामतींनी पुन्हा उभं केलं. हे शेणवी, म्हणजे गौड सारस्वत, गृहस्थ म्हणजे त्या वेळच्या मुंबईतलं बडं प्रस्थ. पुढे कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आळ घेऊन इंग्रजांनी त्यांना कैदेत टाकलं, आणि १७२८ मध्ये ते कैदेतच वारले. पुरावा म्हणून पुढे केलेली पत्रं बनावट होती हे मागाहून उघडकीला आलं. ज्याने गावाला देऊळ दिलं त्याची ही गत! तलाव आजही गौड सारस्वत ब्राह्मणांच्या देवस्थान ट्रस्टकडे आहे. तो टिकला याचं बरंचसं श्रेय मी त्या मालकीला देते.

कारण बाकीच्या तळ्यांचं काय झालं बघा. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळातून शहरात आलं आणि तळ्याविहिरींची गरज हळूहळू संपली. धोबीतलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक. बसच्या पाट्यांवर नावं राहिली, तळी बुजली. देव होता म्हणून बाणगंगा राहिली.

या मलबार हिलच्या डोंगराचा हवा खायची जागा म्हणून भाव वाढला तो पुढे. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांची पत्नी परळच्या सरकारी निवासात कॉलऱ्याने गेली आणि १८८५ मध्ये गव्हर्नरचा मुक्काम परळहून मलबार पॉइंटला हलला, आजच्या राजभवनात. तिकडे गिरण्यांचा धूर, इकडे समुद्राचा वारा. साहेब जिथे तिथे शेठ. आमची आजी 'वाळकेश्वरला जाऊन येते' म्हणायची तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर देऊळ असायचं. आज वाळकेश्वर म्हटलं की लोक फ्लॅटचा भाव विचारतात.

त्याच सुमाराला, १८८०च्या दशकात, डोंगराच्या माथ्यावर पालिकेच्या पाण्याचा प्रचंड साठा केला आणि त्याच्या छतावर माती टाकून बाग केली. हीच आपली हँगिंग गार्डन, कागदोपत्री फिरोजशहा मेहता उद्यान. शेजारच्या पारशी दोखम्यावरची, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्यावरची, गिधाडं पाण्यात काही टाकतील म्हणून साठा झाकला, असं सांगतात. खरंखोटं तो झाकणाराच जाणे. शाळेच्या सहलीत आम्ही कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात चढउतर करायचो आणि समोरच्या या बागेत झुडपं कापून केलेले हत्ती, जिराफ मोजायचो. आपल्या पायाखालचं पाणी उद्या पहाटे आपल्याच चाळीच्या नळाला येणार आहे, हे एकाही बाईंनी सांगितलं नाही. माझगावला भंडारवाड्याच्या टेकडीवरही तेच. वर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान, खाली पाण्याचा साठा.

माझं मत विचाराल तर हँगिंग गार्डन आपल्या निसर्गप्रेमाने वाचलेली नाही. पाण्याच्या टाकीवर टॉवर बांधता येत नाही म्हणून ती वाचली. मध्यंतरी जुना साठा पाडून नवा बांधायचा बेत निघाला, शेकडो झाडं जाणार म्हणून रहिवासी उभे राहिले, तज्ज्ञांची समिती बसली, टाकी रिकामी करून आतून तपासली. रहिवाशांचं कौतुक आहेच. पण त्या गर्दीतल्या किती जणांना डोंगराच्या पायथ्याचा झरा आठवला?

झऱ्याचं तोंड तेवढं बाणगंगेत आहे, पोट वर डोंगरात आहे. पाऊस पडतो, मातीत शिरतो, खडकाच्या भेगांतून सावकाश उतरतो आणि खाली उमलतो. आता हा डोंगर वरून बघा. इमारत, तिचं तळघर, तळघराभोवती पेव्हर ब्लॉक, पलीकडे डांबर. आणि माथ्यावर आपण फिरायला जातो ती हिरवळ कुठली, तर टाकीच्या छतावरची! तिथे पडलेला पाऊस डोंगरात मुरणार कसा? वर्षानुवर्षं मी त्या बागेकडे डोंगराचं फुप्फुस म्हणून बघत होते. हे लक्षात आल्यावर स्वतःचंच हसू आलं.

आणि आपण पैसा कुठे घालतो? पायऱ्यांवर. दिव्यांवर. 'सुशोभीकरण' हा शब्द ऐकला की हल्ली माझ्या पोटात गोळा येतो. २०२४ च्या जूनमध्ये गाळ काढायला थेट यंत्रच तलावात उतरवलं आणि त्याच्या भाराने जुन्या दगडी पायऱ्या फुटल्या. ओरड झाली, गुन्हा नोंदला गेला, दुरुस्ती झाली. ठीक. पायऱ्या पुन्हा बसवता येतात. झरा आटला तर कुठल्या कंत्राटदाराला बोलावणार?

पितृपक्षात पिंड, फुलं, दूधभात सगळं त्याच पाण्यात जातं आणि मग मेलेले मासे वर येतात. आमच्या घरचेही विधी तिथेच झालेत, त्यामुळे मी सोवळी नाही. आजी या पाण्याची ओंजळ सरळ तोंडाला लावायची. रविवारी मी पाय बुडवायलाही दोनदा विचार केला. भाच्याने मात्र चपला काढून हात कोपरापर्यंत घातला आणि म्हणाला, "गार आहे गं, फ्रिजसारखं."

परतताना टॅक्सीत त्याचं तेच चालू होतं. रोज येतं? रात्री पण? मग उरलेलं जातं कुठे? मी उत्तरं देत गिरगावात पोचले. आमची चाळ पाडून झालेल्या टॉवरला दोन मजल्यांचं तळघर आहे, माझीही गाडी तिथेच असते. जमिनीतून पाझर येतो म्हणून तिथे एक पंप बसवलाय. बारा महिने तो पाणी उपसतो आणि फाटकाबाहेरच्या गटारात सोडतो. स्वच्छ, नितळ पाणी. भाच्याला तो दाखवावा की नाही, हे लिफ्ट येईपर्यंत ठरेना.