चिपळूण ते रत्नागिरीला तीन दिवस का लावले: आपल्या अभिप्रायाला लातूरहून उत्तर

ताई, नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत सासू-सासरे आणि दोन लेकरांना घेऊन तुम्ही आमच्याकडून कोकणच्या सागरी रस्त्याची सहल आखून घेतलीत. परत आल्यावर दोन तारे देऊन जे लिहिलंत ते मी शब्द न् शब्द वाचलं. तुमचं म्हणणं असं: महामार्गाने चिपळूण ते रत्नागिरी दोन तासांचा रस्ता, त्याला आम्ही तीन दिवस लावले. आडवळणाच्या अरुंद रस्त्यांनी फिरवलं. दोनदा फेरीबोटीसाठी ताटकळत ठेवलं. हेदवीला तासभर खडकावर बसवलं. गुहागरला उशिरा पोचलात तर जेवण नाही. गणपतीपुळ्याला चालकाने ना गाडी वाळूत घातली, ना लेकरांना पोहू दिलं. आणि शेवटी, फोनवर नकाशा लावून स्वतः गेलो असतो तर निम्म्या वेळात सगळं झालं असतं.

सासूबाईंना वळणांचा त्रास झाला, हे चालकाने मला त्याच रात्री कळवलं होतं. त्याचं वाईट वाटलं. पण आखणी आम्ही विचार करून केलेली आहे आणि तिच्यामागे मी उभा आहे. लातूर, नांदेड, परभणीहून पहिल्यांदा समुद्राकडे निघणारी पुष्कळ घरं हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण पठारावरची माणसं. लातूरहून निघालं की औसा, तुळजापूर, सोलापूर असा सरळ रस्ता, आणि अंतर विचारलं की किलोमीटर सांगायचे. समुद्राकाठी हा हिशेब लागू पडत नाही. तिथं सह्याद्री समुद्रापासून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर उभा आहे. त्यावरून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि जोरकस, आणि भरतीचं पाणी त्यांच्या मुखातून कितीतरी आत शिरतं. त्यामुळे किनारा अखंड नाही, खाड्यांनी जागोजाग तोडलेला आहे. गाव खाडीकाठी खाली, मग जांभ्या दगडाचं उघडं माळरान, म्हणजे सडा, वर, पुन्हा खाली दुसरं गाव. रस्त्याला प्रत्येक वेळी चढून उतरावंच लागतं. तासाला पंचवीस-तीस किलोमीटर पडले तरी ती चांगली चाल समजायची.

फोनमधला नकाशा वेळ वाचवायला बघतो, म्हणून तो गाडी पुन्हा पुन्हा मुंबई-गोवा महामार्गावर ओढतो. तो रस्ता चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा असा आतून जातो. त्यावरून रत्नागिरी गाठेपर्यंत समुद्र दिसत नाही. तुम्ही आमच्याकडे मागितली होती ती सहल समुद्राच्या काठाने जाणारी. आम्ही दापोलीजवळचं मुरुड, दाभोळ, गुहागर, हेदवी, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी अशी आखून दिली. किनारा बघायचा तर हाच रस्ता आहे आणि तो दोन तासांत होत नाही.

आता फेरीबोट. दाभोळला वाशिष्ठीची खाडी आडवी येते. पलीकडे धोपावे समोर दिसतं, गाडीसकट काही मिनिटांत उतरता येतं. बोट नको म्हटलं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा. तवसाळ ते जयगड ही शास्त्री नदीची खाडी, तिथंही तोच प्रकार. दिवाळीत धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. ती वेळ धरूनच आम्ही त्या दोन दिवसांत दुसरं मोठं काही ठेवलं नव्हतं.

दाभोळच्या धक्क्यावर चालक तुम्हाला काही सांगत होता, तेव्हा तुम्ही वैतागलेल्या होतात. तो काय सांगत होता ते इथं लिहितो, कारण आपल्या भागातल्या माणसाला ते कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. आदल्या दिवशी कऱ्हाडहून येताना कोयनानगर लागलं, मग कुंभार्ली घाट उतरलात. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचं पाणी निसर्गाने पूर्वेला जायचं. ते धरणात अडवून, डोंगराच्या पोटातून पश्चिमेला सोडून वीज तयार होते. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी मान्य केलेलं आहे. वीज झाल्यावर ते वाशिष्ठीत येतं आणि दाभोळपाशी समुद्राला मिळतं. तुम्ही ज्या खाडीवर बोटीची वाट बघत होतात, तिच्यात हे पाणी होतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून आपलं लातूर जगलं. त्या गावच्या लेकरांनी हे पाणी एकदा डोळ्यांनी पाहावं, म्हणून मी हा रस्ता सोडत नाही. आणि दाभोळ आपल्याला परकंही नाही. बिदर बहमनींची राजधानी होती तेव्हा दाभोळ हे त्यांचं मोठं बंदर. आपल्या उदगीर-औशाच्या किल्ल्यांवर ज्यांची सत्ता होती, त्यांचा माल याच खाडीतून समुद्रावर जायचा.

हेदवीला खडकावर का बसलात? तिथली बामणघळ म्हणजे खडकातली एक अरुंद भेग. ओहोटीला जाल तर नुसती भेग दिसते. भरती चढताना लाट तिच्यात कोंडते आणि पाणी उंच उसळतं. भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं आणि वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून तारीख कळल्याशिवाय आम्ही हेदवीची वेळ ठरवत नाही. त्या दिवशी पाणी चढायला तुम्ही पोचल्यावर अजून थोडा अवकाश होता. चालकाने तुम्हाला घळीपासून लांब, कोरड्या खडकावर बसवलं तेही सांगून ठेवलेलं आहे. शेवाळलेल्या ओल्या खडकावरून पाय सुटला तर खाली धरायला काही नसतं.

गणपतीपुळ्याबद्दल मात्र मी जराही मागे हटणार नाही. तुम्ही लिहिलंत, 'पैसे देऊन पाण्याला पाय लावू दिला नाही.' पाय लावू दिला, ताई. लेकरं घोट्याइतक्या पाण्यात भिजली, त्याचे फोटो तुम्हीच टाकलेत. चालकाने अडवलं ते कमरेच्या पाण्यात जाण्यापासून. या किनाऱ्यावर बुडून माणसं गेल्याच्या बातम्या जवळजवळ दर हंगामात येतात, आणि त्यांत घाटावरून आलेली तरणीताठी पोरं असतात. विहिरीत, तळ्यात पोहायला शिकलेल्याला वाटतं, आपल्याला पोहता येतं. पण किनाऱ्यावर आलेलं लाटेचं पाणी परत जाताना एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरात आत खेचतं. वरून नेमकी तीच जागा शांत दिसते, कारण तिथं लाट फुटत नाही. नवखा माणूस तिथंच उतरतो. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे सरळ झगडायचं नसतं, आडवं पोहून त्या पट्ट्याबाहेर यायचं असतं. हे दहा-बारा वर्षांच्या लेकराला पाण्यात गेल्यावर कळणार नाही. तुम्ही एक तारा दिला असतात तरी चालकाला मी हेच करायला सांगितलं असतं.

गाडी वाळूत न घालण्याचं कारणही तेच समजा. ओली वाळू टणक दिसते, गाडी थांबली की चाक रुततं, भरती थांबत नाही. मग ट्रॅक्टर शोधा, दोर बांधा, आणि खारं पाणी शिरलं तर गाडी कायमची कामातून गेली.

जेवणाचं: गुहागरला तुमचं दुपारचं जेवण एक वाजता सांगितलेलं होतं. सासू-सासरे माळकरी, म्हणून मुद्दाम शाकाहारी घर निवडलं होतं. तिथं माणसं मोजून स्वयंपाक होतो. आदल्या रात्री आकडा द्यावा लागतो. मुरुडचा किनारा सोडवेना म्हणून तुम्ही तिथं थांबलात, त्यात गैर काहीच नाही. पण घरच्या बाईने तीनपर्यंत वाट पाहिली होती, आणि संध्याकाळी तुम्हाला गरम घावणे करून घातले. रस्त्यात जागोजाग ढाबे असतील ही अपेक्षा त्या पट्ट्यात धरू नये.

पैशाचंही स्पष्ट करतो. बाहेरगावच्या गाडीला रोजचे किमान तीनशे किलोमीटर लावायची पद्धत आहे. किनाऱ्यावरच्या दिवसांना आम्ही ती लावत नाही, दिवसाचा ठरलेला दर घेतो. तुमच्या बिलात ते वेगळं दाखवलेलं आहे. रस्ता लांबवून आमचा फायदा होत नाही.

ज्यांना चार दिवसांत महाबळेश्वर, गणपतीपुळे, मालवण आणि गोवा असं सगळं उरकायचं आहे, त्यांनी महामार्गानेच जावं. तशी आखणीही आम्ही देतो, फक्त तिला सागरी रस्त्याची सहल म्हणत नाही.

आणि ज्यांना तुमचा अभिप्राय वाचून स्वतःची गाडी घेऊन निघायचं आहे, त्यांनी खुशाल निघावं. डिझेल दापोली, गुहागर, रत्नागिरी अशा मोठ्या गावातच भरून घ्या, मधल्या वाड्यांच्या भरवशावर राहू नका. रोख पैसे जवळ ठेवा, खाडीच्या उतारावर फोनला रेंज जाते. दिवाळीनंतर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सड्यावरच्या रस्त्यांना दिवे नाहीत, म्हणून पाचला मुक्कामी पोचाल असं बघा. परतताना आंबा घाट उजेडात चढा. पुढे कोल्हापूर, सोलापूरवरून रत्नागिरी-नागपूर महामार्ग तुम्हाला थेट लातूरला आणून सोडतो. फेरीबोटीच्या वेळा सणासुदीला आणि पावसाळ्यात बदलतात, तेव्हा शेवटची बोट किती वाजता आहे ते आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी विचारून घ्या.